ट्रेकसाठी साधं होकायंत्र पुरेल की प्रोफेशनल घ्यावं?

तुम्ही साताऱ्यात नवीन आहात, पावसाळ्यात आसपासचे डोंगर फिरायचेत, आणि दुकानात एक किचेनला लटकवायचं स्वस्तातलं आणि एक काही हजारांचं होकायंत्र बघून गोंधळलात. माझं मत विचाराल तर दोन्ही नको, मधलं घ्या.

माझं पहिलं किचेनचंच होतं. जुलैत चाळकेवाडीच्या पठारावर धुकं उतरलं. तिथे पवनचक्कीची पाती डोक्यावर घुमताना ऐकू येतात, पण खांब दिसत नाही. होकायंत्र काढलं तर सुई भलतीकडेच. त्यात अर्धी चूक माझी, कारण मी खांबाच्या बुंध्याशीच उभा होतो आणि एवढं लोखंड शेजारी असल्यावर सुई खरं कसं बोलणार? पण चांगलं शंभर पावलं लांब गेल्यावरही ती डुलतच राहिली. त्या डबीत द्रव नव्हता. द्रव भरलेल्यात सुई चार-पाच सेकंदांत थांबते. माझ्या मते साध्या आणि कामाच्या होकायंत्रात खरा फरक एवढाच.

आता महागड्यात जास्तीचे पैसे कशाचे जातात ते बघा. एक म्हणजे चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (नकाशावरची) यांतला फरक जुळवायची सोय. अलास्कासारख्या ठिकाणी हा फरक दहा अंशांच्या वर जातो, तिथे ती लागते. साताऱ्यात तो एक अंशाच्याही आत आहे. एक अंश चुकला तर किलोमीटरमागे साधारण 17 मीटर सरकता. धुक्यात पाय घसरत चालणारा माणूस तेवढा तसाही सरकतो. दुसरं म्हणजे प्रिझमॅटिक, म्हणजे प्रिझममधून आकडा वाचायचं होकायंत्र, ज्यावर अर्ध्या अंशाच्या खुणा असतात. सिव्हिलच्या पोरांना सर्व्हेला ते ठीक आहे. वाऱ्यात उभं राहून हातात धरल्यावर अर्धा अंश कोण वाचतंय!

एका गोष्टीचे मात्र जास्त पैसे मोजायला हरकत नाही. युरोपातल्या बाजारासाठी केलेलं होकायंत्र इथे आणलं तर सुईचं दक्षिण टोक खाली झुकून तळाला घासू शकतं. तिकडे चुंबकीय ओढ सुईचं उत्तर टोक बरंच खाली खेचते, म्हणून ते तोलायला दक्षिण बाजू जड केलेली असते. आपल्याकडे ती ओढ कमी. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर ‘ग्लोबल’, म्हणजे जगात कुठेही चालणाऱ्या, सुईचंच मागवा.

तेव्हा पारदर्शक पट्टीवर बसवलेलं, फिरती तबकडी असलेलं, द्रव भरलेलं घ्या. सोबत सर्व्हे ऑफ इंडियाचा 1:50,000 चा नकाशा. त्यावर 2 सेंटीमीटर म्हणजे 1 किलोमीटर. नकाशा नसेल तर होकायंत्र उत्तर कुठे ते सांगेल, तुम्ही कुठे आहात ते नाही. आणि पावसाळ्यानंतर वासोटा किल्ल्यावर जायचं असेल, तर तिथे बामणोलीहून लाँच आणि पुढे मळलेली वाट आहे. होकायंत्र खिशातून निघणारसुद्धा नाही. ते लागतं कास-चाळकेवाडीसारख्या सपाटीवर, जिथे सगळीकडे सारखंच दिसतं आणि पठाराची कड अचानक येते.

घेतल्यावर एखाद्या मोकळ्या सकाळी अजिंक्यताऱ्यावर जा. होकायंत्र कातळावर टेकवू नका, आपल्या काळ्या दगडात लोहचुंबकी खनिज असतं. हातातच आडवं धरा. सज्जनगडाकडे रोखलं की 240 ते 250 च्या आसपास आकडा यायला हवा. 60-70 आला तर तबकडी उलटी धरलीये का ते आधी बघा. ती बरोबर असेल तर सुईची टोकंच उलटी झालीत. चुंबकवाल्या मोबाइल कव्हरशेजारी एकाच खिशात ठेवलं की असं होऊ शकतं. माझं दुसरं होकायंत्र तसंच गेलं.