पोर्तुगालचे व्यसनमुक्ती धोरण कसे घडत गेले?

हे धोरण २००१ मध्ये एकाएकी बदलले, असा समज आहे. प्रत्यक्षात हेरॉइन आणि एचआयव्हीच्या प्रसाराने हतबल झालेल्या सरकारने १९९८ मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली, १९९९ मध्ये राष्ट्रीय धोरण स्वीकारले आणि मगच, १ जुलै २००१ पासून, दहा दिवस पुरेल इतका अमली पदार्थ स्वतःपुरता बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. ते कायदेशीर झाले, असे मात्र नव्हे. अशा व्यक्तीला न्यायालयाऐवजी विशेष समितीपुढे पाठवले जाते. माझ्या मते या धोरणाच्या यशाचे खरे श्रेय मेथाडोन (हेरॉइनच्या व्यसनावर दिले जाणारे पर्यायी औषध) उपचारांच्या विस्ताराला आहे, कारण आर्थिक संकटात, २०१२ मध्ये, व्यसनविषयक स्वतंत्र संस्था मोडून उपचार प्रादेशिक आरोग्य प्रशासनांकडे सोपवल्यावर सेवा विस्कळीत झाल्याची टीका झाली. कायदा मात्र तोच होता.