दहा किलोमीटरवरून पडूनही माणूस कसा वाचतो?

प्रश्न: आमच्या गल्लीतील एक गवंडी गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडून दगावले. त्याच सुमारास पुतणीने सांगितले की, एक हवाईसुंदरी दहा किलोमीटर उंचीवरून पडूनही जगली. हे खरे आहे का? असल्यास आमचा माणूस एवढ्या कमी उंचीवरून पडून का गेला?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: आपल्या शेजाऱ्यांच्या जाण्याने मन विषण्ण झाले. पुतणीने सांगितलेली घटना खरी आहे. २६ जानेवारी १९७२ रोजी युगोस्लाव्हियाचे एक प्रवासी विमान तत्कालीन चेकोस्लोव्हाकियाच्या आकाशात फुटले आणि त्यातील २८ जणांपैकी २२ वर्षांची हवाईसुंदरी वेस्ना वुलोविच एवढीच वाचली. गिनीजच्या विक्रमांत ही उंची १०,१६० मीटर अशी नोंदलेली आहे.

पडणाऱ्या माणसाचा वेग अखेरपर्यंत वाढत राहतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात सुमारे बारा सेकंदांत हवेचा विरोध वजनाची बरोबरी करतो आणि वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. हवाच नसती, तर एवढा वेग जेमतेम १५५ मीटर पडण्यानेच आला असता. म्हणजे दहा किलोमीटरपैकी उरलेल्या साऱ्या उंचीचा भार हवाच पेलते.

पुढचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा आहे. या १५५ मीटरांना थांबण्याच्या अंतराने भागले की, शरीरावर स्वतःच्या वजनाच्या सरासरी किती पट बल येते ते कळते. फांद्या आणि बर्फ यांनी मिळून तीन मीटरांत थांबवले, तर ते सुमारे ५० पट होते. अमेरिकी हवाई दलाचे डॉ. जॉन स्टॅप यांनी १९५४ मध्ये रॉकेटच्या गाडीवर पट्ट्यांनी बांधून घेऊन ४६ पट बल क्षणभर सोसले होते. उलट, नऊ मीटरवरून काँक्रीटवर पडलेला माणूस पाच सेंटिमीटरांत थांबला, तर हेच बल १८० पट होते. आपल्या शेजाऱ्यांना थांबायला जागाच मिळाली नाही.

ब्रिटिश हवाई दलाचे निकोलस अल्केमेड १९४४ मध्ये पेटलेल्या विमानातून सुमारे साडेपाच किलोमीटरवरून हवाई छत्रीविना पडले. पाइनच्या फांद्या आणि बर्फ यांमुळे पाय मुरगळण्यावर निभावले. वेस्ना मात्र विमानाच्या तुटलेल्या भागात अडकलेल्या अवस्थेत बर्फाच्छादित उतारावर आदळल्या. कवटी, मणके व पाय मोडूनही त्या पुढे चालू लागल्या. वैरणीची गंजी जे करते, तेच काम त्या बर्फाने केले. पाण्याबद्दल मात्र गैरसमज नसावा. एवढ्या वेगात रंकाळ्याचे पाणीही बाजूला सरायला वेळ घेते आणि आघात भयंकर होतो.

अशी माणसे अत्यंत विरळा आहेत, म्हणून त्यांच्या कथांपेक्षा मला परांचीखालची जाळी आणि कमरेचा पट्टा अधिक मोलाचे वाटतात, कारण थांबण्याचे अंतर वाढवण्याचेच काम ती जाळी करते. आणि कोणी पडलेच, तर त्याला हातापायांना धरून उचलून रिक्षात घालू नये. मान व पाठ हलू न देता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत श्वास चालू आहे ना, हे पाहत जवळ बसावे.