वाचकांचे प्रश्न: गोल्फ कार्टसाठी बॅटऱ्या चार, सहा की आठ?

प्रश्न: आमच्याकडे चार आसनांची, विजेवर चालणारी एक जुनी गोल्फ कार्ट आहे. तिच्यात 8 व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या असून त्या आता तासाभरातच उतरतात. विक्रेत्याचे म्हणणे असे, की त्यांच्या जागी 12 व्होल्टच्या चार बसवाव्यात, म्हणजे व्होल्ट तेवढेच राहतील, वजन घटेल आणि खर्चही वाचेल. एक मित्र मात्र 6 व्होल्टच्या आठ घ्या असे सांगतो. तिन्ही प्रकारांत बेरीज 48 व्होल्टच होत असेल, तर फरक नेमका कशाने पडतो? शिवाय जुन्या सहांपैकी चार बऱ्या दिसतात, तेव्हा दोनच बदलून भागेल का?

उत्तर: विक्रेत्याचे गणित चुकलेले नाही, ते अर्धेच मांडलेले आहे. बॅटऱ्या एकीला एक जोडत गेल्या, की व्होल्ट वाढत जातात, पण अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचे माप, एका बॅटरीचे असतात तेवढेच राहतात. म्हणून 48 हा आकडा गाडीचा कंट्रोलर (मोटरला वीज नेमून देणारा भाग) आणि मोटर चालण्यापुरता महत्त्वाचा आहे. गाडी किती लांब जाईल आणि बॅटऱ्या किती वर्षे टिकतील, हे त्यावरून कळत नाही. ते साठ्यावरून कळते. गोल्फ कार्टसाठी सर्रास मिळणाऱ्या बॅटऱ्यांत 12 व्होल्टची साधारण 150 अँपिअर-तासांची, 8 व्होल्टची 170 ची आणि 6 व्होल्टची 225 ची असते. त्यांना 48 ने गुणून हजाराने भागले, की चार बॅटऱ्यांच्या संचात 7.2 युनिट, सहांच्या संचात सुमारे 8.2 युनिट आणि आठांच्या संचात 10.8 युनिट वीज मावते असे दिसेल.

हा फरक मुळात वजनाचा आहे. पहिला संच दीडशे किलोच्या आसपास भरतो, दुसरा पावणेदोनशे आणि तिसरा सव्वादोनशे. 6 व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल, म्हणजे 2-2 व्होल्टचे कप्पे, असतात आणि 8 व्होल्टच्या बॅटरीत चार. पण दोन्हींचा डबा आणि वजन जवळपास सारखेच असल्यामुळे 6 व्होल्टच्या प्रत्येक सेलच्या वाट्याला अधिक शिसे येते. या प्रकारच्या बॅटरीत वजन म्हणजे शिसे आणि शिसे म्हणजे साठा, हे लक्षात ठेवले, की ‘हलकी’ हे विशेषण कौतुकाचे आहे की नाही याचा उलगडा होतो.

डब्यावर छापलेले अँपिअर-तास पूर्णपणे हाती येत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. तो आकडा बहुधा वीस तासांत सावकाश बॅटरी उतरवून काढलेला असतो आणि कार्ट तर वीज भराभर ओढते. 225 अँपिअर-तासांच्या प्रचलित बॅटरीतून सतत 75 अँपिअर ओढले, तर ती 115 मिनिटांच्या आसपास साथ देते, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे 144 अँपिअर-तासच पदरात पडतात. छोट्या बॅटरीवर तोच भार आला, की ही घट आणखी वाढते. त्यामुळे दोन बॅटऱ्यांची तुलना करताना दोन्हींचे आकडे एकाच तासांच्या हिशेबातले आहेत ना, हे आधी पाहावे; एकीचा वीस तासांचा आणि दुसरीचा पाच तासांचा आकडा शेजारी ठेवून काहीच कळणार नाही.

लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या आत वापरली तर चांगली टिकते आणि 80 टक्क्यांच्या पुढे तर ती कधीच उतरवू नये. जितकी खोल उतरवाल, तितके प्लेटवरचे द्रव्य सैल होऊन तळाशी गळते. आणि उतरलेल्या अवस्थेतच ती पडून राहिली, तर प्लेटवर सल्फेटचे कडक थर बसतात, जे नंतर कितीही चार्ज केले तरी पुरते सुटत नाहीत. तेव्हा रोजच्या फेरीत जेवढी वीज लागते, तिच्या निदान दुप्पट साठ्याचा संच घ्यावा. वाट सपाट आणि फेऱ्या मोजक्या असतील, तर चार बॅटऱ्यांनीही भागेल. चढ असेल, चारही आसने भरत असतील, तर मी तो सल्ला मानणार नाही. तुमच्या गाडीच्या ट्रेमध्ये सहांची जागा आहेच, म्हणून 8 व्होल्टच्या सहा ही सरळ निवड. आठांचा संच सर्वांत उत्तम, पण तो ट्रेमध्ये मावतो का आणि वाढलेले पन्नासेक किलो गाडीच्या स्प्रिंगांना पेलतील का, हे मोजपट्टी घेऊन ठरवावे, मित्राच्या उत्साहावर नव्हे.

मोटारगाडीची स्टार्टर बॅटरी स्वस्त पडते म्हणून ती बसवण्याचा मोह काहींना होतो. तिच्या पातळ प्लेट इंजिनाला क्षणभर जोराचा धक्का देण्यासाठी घडवलेल्या असतात. रोज खोल उतरवली, तर ती काही महिन्यांतच निकामी होईल.

पाणी घालावे लागणारी बॅटरी घ्यावी की सीलबंद, हे देखभाल कोण करणार यावर ठरवा. नियमित पाणी पाहणारा माणूस असेल, तर पाण्याचीच घ्या. तिच्यात डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचे असते. प्लेट उघड्या पडल्या असतील, तर आधी फक्त त्या बुडतील एवढेच. मी एकदा चार्जिंगच्या आधीच काठोकाठ भरले आणि सकाळी फसफसून बाहेर आलेल्या ॲसिडाने ट्रेचा रंग सोलून काढलेला पाहिला. सीलबंद बॅटरीला ही कटकट नसते, मात्र चार्जरमध्ये तिच्या प्रकाराची सोय असलीच पाहिजे, कारण पाण्याच्या बॅटरीला अधूनमधून देतात तो जादा व्होल्टचा समतोल चार्ज सीलबंद बॅटरीचे नुकसान करतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळ ठिणगी नसावी.

आता दोनच बदलण्याबद्दल. निर्णयाआधी गाडी पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवा आणि मग मोजा. धड संच 50.9 व्होल्टच्या आसपास दाखवतो. मीटरवर 48 दिसले म्हणजे बॅटऱ्या भरलेल्या आहेत असे पुष्कळांना वाटते, पण स्थिर अवस्थेत 48 म्हणजे साठा निम्म्याच्याही खाली गेलेला असतो. त्यानंतर प्रत्येक सेलमध्ये हायड्रोमीटर (ॲसिडाची घनता मोजणारी नळी) बुडवा. बाकीचे सेल 1.270 च्या जवळ असताना एखादा 1.150 वर अडकला असेल, तर बिघाड तिथेच आहे. संच जेमतेम काही महिन्यांचा असता, तर ती एकच बॅटरी बदलावी असे मी म्हटले असते. जुन्या चारांत नव्या दोन मिसळल्या, तर जुन्या आधी उतरतात आणि आधीच भरतातही. चार्जर एकाच मापाने सगळ्यांना हाकतो, त्यामुळे नव्यांचे पोट अर्धवट राहते आणि जुन्या तापतात. सहाही एकदम बदला, शक्यतो एकाच उत्पादन-महिन्यातल्या घ्या, आणि गंजलेल्या केबलही त्याच वेळी बदला. गाडीचे दिवे एखाद-दुसऱ्या बॅटरीवरून घेतलेले असतील, तर ती जोडणी काढून पूर्ण 48 व्होल्टवर चालणारा आणि दिव्यांना लागतात तेवढेच व्होल्ट देणारा कन्व्हर्टर बसवा, कारण दिव्यांचा भार वाहणारी बॅटरी इतरांच्या आधी मान टाकते. नवा संच पहिल्या काही आठवड्यांत थोडा कमी चालला, तर घाबरू नका. पूर्ण ताकदीला यायला त्याला कित्येक वेळा चार्ज होऊन उतरावे लागते, आणि तोवर लांबच्या फेऱ्या टाळलेल्या बऱ्या.