यकृताचा कर्करोग हाडांत पसरला, तर पहिलं लक्षण पोटातच दिसतं का?

दरवेळी नाही. काहींना ना पोटदुखी, ना कावीळ. सुरुवातच कंबरदुखीने होते. साधी कंबरदुखी आडवं झालं की बहुधा उतरते. ही मात्र रात्री झोपू देत नाही आणि गोळ्या खाऊनही हटत नाही. (अर्थात, बहुतेक कंबरदुखी कर्करोगाची नसते!)

खरी फसगत गाठीमुळे होते. बरगडीवर किंवा डोक्यावर मऊसर गाठ येते, चरबीची म्हणून सोडून दिली जाते, पण ती वाढत राहते. तिला रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून स्कॅनआधी चिरायची घाई नको. क्वचित जबड्यात सूज येते, हनुवटी बधिर होते किंवा दात काढल्यावर रक्त थांबत नाही. कधी किरकोळ धक्क्याने हाड मोडतं.

हिपॅटायटिस बी, सी किंवा सिरोसिस (यकृत निबर होणं) असेल तर, यांतूनच यकृताचा कर्करोग उद्भवू शकतो म्हणून, हाडांच्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगा. सहसा तेच सांगायचं राहतं. एएफपी ही यकृताच्या कर्करोगाची खूण शोधणारी रक्ततपासणी मदत करते, पण ती नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नका, स्कॅन लागतोच.

पायातली ताकद जायला लागली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.