सिझरच्या आधी पाणीसुद्धा नाही?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी भांडुपला राहते. दुसरं बाळ आहे, पहिलं सिझर झालेलं म्हणून यावेळीही तारीख ठरवून सिझरच करणार आहेत, सकाळी ८ ची वेळ दिलीय. मागच्या वेळी रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको म्हणाले होते आणि मधे इमर्जन्सी केसेस आल्या म्हणून माझा नंबर पार दुपारी लागला, तोपर्यंत डोकं ठणकत होतं, जीभ टाळूला चिकटलेली, आई ओला कापूस ओठांवर फिरवत बसलेली. आता नवीन हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ सांगतायत की सकाळी ६ च्या आत ४०० मिली कार्बोहायड्रेट ड्रिंक पिऊन घ्या. सासूबाई म्हणतात पोटात काही राहिलं तर जिवावर बेतेल. कोणाचं ऐकू? आणि ते ड्रिंक नाही मिळालं तर ग्लुकॉन-डी चालेल का?

उत्तर : भूलतज्ज्ञांचं ऐका. पण सासूबाईंची भीती उगाच नाहीये. १९४६ साली न्यूयॉर्कच्या डॉ. मेंडेल्सन यांनी बाळंतपणात भूल दिल्यावर पोटातलं अन्न आणि ॲसिड फुप्फुसात गेल्याच्या केसेस मांडल्या, तेव्हा मास्क लावून पूर्ण भूल द्यायचे आणि गरोदरपणात अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी, जठराच्या तोंडावर असलेली झडप सैल पडलेली असते, वरून गर्भाशयाचा दाब, त्यामुळे उपाशी ठेवायचा नियम तेव्हापासून पक्का बसला. आता ठरवून केलेल्या बहुतेक सिझरमधे पाठीत इंजेक्शन देतात, बाई जागी असते, पण क्वचित ते इंजेक्शन पुरत नाही आणि ऐनवेळी पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून नियम आजही पाळायचाच.

फक्त तो नियम पाण्यासाठी रात्रभराचा नाहीये हो! तळलेलं, तुपकट जेवण असेल तर ८ तास, हलकं खाणं किंवा दूध असेल तर ६ तास आणि पाण्यासारखं पारदर्शक काही असेल तर २ तास. कळा सुरू झालेल्या नसतील तर नऊ महिन्यांच्या बाईच्या पोटातूनही पाणी इतरांसारखंच भराभर पुढे सरकतं. पण वॉर्डात सगळ्यांना मिळून एकच सूचना देणं सोपं पडतं आणि मग १२-१४ तास कोरड्या घशानं बाया पडून राहतात, मला हे बघवत नाही.

आता ते ड्रिंक. त्यात माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून बनवलेलं कार्बोहायड्रेट असतं, साधारण साडेबारा टक्के, म्हणजे ४०० मिलीत ५० ग्रॅम. साध्या साखरेच्या दाट पाण्यापेक्षा ते पोटातून लवकर सरकतं. सिझरसाठी २०१८ मधे आलेल्या इरास सोसायटीच्या (ऑपरेशननंतर पेशंट लवकर बरा व्हावा यासाठी काम करणारी डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संस्था) मार्गदर्शक सूचनांमधेही डायबेटिस नसलेल्या बाईला ते २ तास आधी देता येईल असं म्हटलंय. भूक, तहान, गळून गेल्यासारखं वाटणं यात फरक पडतो. पण खरं सांगू का, उपाशी राहण्याच्या तुलनेत फरक ठळक आहे, नुसतं पाणी पिण्याच्या तुलनेत तेवढा नाही, त्यामुळे मिळालं नाही म्हणून नवऱ्याला दादर-परळची मेडिकलं पालथी घालायला लावू नका, ६ च्या आत साधं पाणी प्या, तेही छान. ग्लुकॉन-डी म्हणजे ग्लुकोज, ती वेगळी गोष्ट, अंदाजानं चमचे टाकून बदली म्हणून घेऊ नका, आधी विचारा.

आणि चहा! टेबलवर आल्यावर आम्ही विचारतो शेवटचं काय घेतलं, तर उत्तर येतं "काही नाही, चहाच तर घेतला अर्धा कप". दुधाचा चहा हा आमच्या हिशोबात दूधच, मग ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. बिनदुधाचा चालतो. ताक नाही, गर असलेला ज्यूस नाही, आणि बाळंतपण सोपं जावं म्हणून रात्री कोणी दुधात तूप घालून आणलं तर प्रेमानं नाही म्हणा, ऑपरेशन झाल्यावर हवं तेवढं द्या म्हणावं.

यावेळीही नंबर मागे गेला तर गप्प बसून राहू नका, सिस्टरना सांगा की भूलतज्ज्ञांना विचारा, मधे घोटभर पाणी देऊ का. बऱ्याचदा हो म्हणतात.

प्रश्न : मला गरोदरपणातली शुगर निघालीय, इन्सुलिन चालू आहे. मी हे ड्रिंक घेऊ का? (लालबाग)

उत्तर : स्वतःहून अजिबात नको. प्रसूतीच्या तोंडावर आईची शुगर वर गेली की बाळाच्या अंगात इन्सुलिन वाढतं आणि जन्मल्यावर बाळाची शुगर एकदम खाली येऊ शकते. तुमच्यासाठी पाणी, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेपर्यंत. आदल्या रात्रीचा आणि सकाळचा इन्सुलिनचा डोस किती, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या, आणि लिस्टमधे पहिला नंबर मागा, शुगरवाल्या पेशंटला तो मागायचा हक्कच आहे असं समजा. सकाळी घाम फुटला, हात थरथरले तर लगेच सिस्टरला बोलवा, "उपास आहे म्हणून होत असेल" म्हणून अंगावर काढू नका.