हिरोशिमा 'लष्करी ठिकाण' होतं, या मुद्द्याला काय उत्तर द्यावं?

तुमचा प्रश्न असा: जळगावच्या वादविवाद स्पर्धेत समोरचा गट म्हणणार, हिरोशिमात लष्करी मुख्यालय होतं, म्हणून अणुबॉम्ब टाकणं रास्तच. त्याला काय उत्तर द्यावं?

आधी मान्य करून टाका. मुख्यालय होतंच, सैन्य पाठवायचं उजिना बंदरही तिथेच. हे नाकारलंत तर पहिल्याच फेरीत पडाल. मग विचारा, नेम कशावर धरला होता? शहराच्या मधोमध असलेल्या आयोई पुलावर. आणि बॉम्ब फुटला जमिनीपासून सुमारे 600 मीटर वर. ही उंची फार बोलकी आहे. जमिनीवर फोडला तर खड्डा पडतो, बंकर फुटतात, पण दाब लांबवर पोचत नाही. हवेत फोडला की दाबाची लाट जमिनीवर आपटून उसळते, मूळ लाटेला मिळते आणि लांबची घरंही झोपवते. म्हणजे उंचीचा हिशेब घरांचा होता. शहराच्या कडेचे मोठे कारखाने बहुतेक वाचले. माणसं मात्र 1945 संपेपर्यंत सुमारे 1,40,000 मेली.

परीक्षकांना जवळचं उदाहरण द्या: भुसावळ. मोठं जंक्शन, आयुध निर्माणी, शेजारी वरणगावला आणखी एक. युद्धात ही लष्करी लक्ष्यं ठरतील, त्यात वाद नाही. पण हिरोशिमाएवढा, 15 किलोटनचा बॉम्ब स्टेशनवर तितक्याच उंचीवर फुटला, तर दीडेक किलोमीटरच्या आतली बहुतेक साधी विटांची घरं कोसळतील. बाजार, शाळा, रेल्वे क्वार्टर त्यातच. निर्माणीपुरता बॉम्ब ही चीजच नाही ती.

समोरच्यांचा खरा दमदार मुद्दा वेगळा आहे. 1 नोव्हेंबर 1945 ला अमेरिकेचं सैन्य जपानच्या भूमीवर उतरवायचं ठरलं होतं आणि त्यात दोन्हीकडची माणसं पडली असती. यावर 1946 चा अमेरिकेचाच बॉम्बहल्ला-पाहणी अहवाल काढता येतो: जपान बॉम्बशिवायही बहुधा त्याआधीच शरण आला असता. जपून वापरा, तो निष्कर्ष युद्ध संपल्यावरचा आहे. 'मार्चमध्ये टोकियोत साध्या आगबॉम्बांनी एका रात्रीत लाखभर मेलेच की' असं कुणी म्हणालं, तर त्याने दोन्ही हल्ले चूक ठरतात, एक बरोबर ठरत नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं 1996 चं मत अर्धवट सांगू नका. अण्वस्त्रांचा वापर युद्धकायद्याच्या सर्वसाधारणपणे विरुद्ध, असं ते म्हणतं. पण राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं असेल तेव्हा काय, हे ठामपणे सांगता येत नाही, असंही त्याच परिच्छेदात आहे. मतं 7-7 पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर ते मंजूर झालं. समोरच्याने तो परिच्छेद पूर्ण वाचलेला असू शकतो.