परमिटवरची सात माणसं

मावशी, नमस्कार.

मी मूळची नाशिकची, गेली सहा वर्षं अमेरिकेत, कोलोराडो राज्यातल्या डेन्वरला आहे. आम्ही दोघांनी येत्या सप्टेंबरात रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये लग्न करायचं ठरवलंय, कुणालाही न सांगता. आम्ही दोघं आणि एक फोटोग्राफर, बस. इथे बरेच जण असं करतात. विरोध कुणाचाच नाही. आई-बाबांना मुलगा पसंत आहे; त्याचे आई-वडील न्यू जर्सीत एडिसनला असतात, त्यांचीही ना नाही. पण ताईच्या लग्नाला नऊशे माणूस होतं. काकूला स्टेजवर फोटोला बोलवायचं राहिलं म्हणून काका न जेवता निघून गेले, ते अजून बोलत नाहीत. आदल्या रात्री ताई आत रडत होती आणि बाबा बाहेर केटररशी भांडत होते. त्या लग्नाचं कर्ज त्यांनी निवृत्तीनंतर फेडलं. आता गुडघ्यांमुळे त्यांना धड चालवत नाही, तरी माझ्या लग्नाची यादी तयार आहे म्हणतात. मला त्यांचा खर्च आणि धावपळ वाचवायची आहे.

जागा पार्कातलं एक तळं, स्प्रेग लेक, ठरवली आहे. पार्कातल्याच थ्री एम कर्व्ह या जागी फोटो जास्त छान येतात, पण तिथे नुसते खडक आहेत, म्हणून नको म्हटलं. पार्कात लग्न करायला परमिट लागतं, त्याच्या अर्जात सात माणसं लिहिली आहेत, ऐन वेळी अडायला नको. लग्नाचं लायसन्स त्याच आठवड्यात काढू. तो म्हणतो, तू म्हणशील तसं.

प्रश्न एवढाच आहे: लग्न झाल्यावर आईला कसं सांगू? आधी फोन करू की आधी फोटो पाठवू? माझ्या पदवीदानाला दोघं आले होते, व्हिसाही अजून आहे, त्यामुळे ‘बोलावलं का नाहीस’ हे ऐकावं लागणारच.

– एक वाचक, डेन्वर

*

सात कोण गं?

पत्र वाचताना मी तिथेच थांबले. तू, तो आणि फोटोग्राफर, हे झाले तीन. या पार्कच्या परमिटवर आकडा लिहायचा तो नवरा-नवरी, फोटोग्राफर, सगळे धरून. मग वरचे चार कोण?

‘ऐन वेळी अडायला नको’ म्हणतेस. कुणावाचून अडणार होतं? भटजींवाचून? कोलोराडोत भटजी लागत नाही, न्यायाधीश लागत नाही, साक्षीदारसुद्धा लागत नाहीत. काउंटी क्लार्ककडून, म्हणजे तिथल्या जिल्हा कचेरीतून, ३० डॉलरचं लायसन्स घ्यायचं, ३५ दिवसांच्या आत लग्न करायचं, दोघांनी आपापल्या सह्या ठोकायच्या आणि लग्नानंतर ६३ दिवसांच्या आत तो कागद परत नेऊन द्यायचा. संपलं. आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा ३० दिवसांची नोटीस मागतो आणि वर तीन साक्षीदार मागतो, तिथे माणसं गोळा करावीच लागतात. तिथल्या कायद्याला मात्र तुम्हा दोघांखेरीज कुणीच नको आहे. म्हणजे हे चौघे कायद्याने घुसवलेले नाहीत आणि पार्कनेही नाहीत. तू लिहिलेस, तुझ्या हाताने, ३०० डॉलर भरून.

ते कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. दोन नाशिकचे, दोन एडिसनचे.

तू म्हणशील, छे, आकडा उगाच जास्तीचा धरला. मग जागेचं बोलू. थ्री एम कर्व्हला खडकांवर उभं राहायचं, मागे लाँग्स पीक, खाली पसरलेलं कुरण. फोटोसाठी माणसं तिथे जीव टाकतात. पळून जाऊन लग्न करणाऱ्या तिशीच्या आतल्या दोन धडधाकट माणसांना खडकांचं काय वावडं? तू ते सोडून स्प्रेग लेक निवडलंस. त्या तळ्याभोवती अर्ध्या मैलाची सपाट वाट आहे, व्हीलचेअर सहज जाईल अशी. बाबांच्या गुडघ्यांचं वाक्य तू एका परिच्छेदात लिहिलंस, खडकांचं दुसऱ्यात, आणि त्या दोन वाक्यांची ओळख करून द्यायची तेवढी टाळलीस. (त्या तळ्याची मला आणखी एक गंमत वाटते. ते मुळात निसर्गाने केलेलं नाहीच. अब्नर स्प्रेग नावाच्या गृहस्थाने आपल्या लॉजवर उतरणाऱ्या पाहुण्यांना मासे धरता यावेत म्हणून ओढा अडवून ते केलं. पाहुण्यांसाठी बांधलेल्या तळ्यावर तू पाहुणे नसलेलं लग्न लावायला निघाली आहेस.)

तेव्हा तू विचारलेल्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही. आधी फोन की आधी फोटो, याने काही फरक पडत नाही. आई विचारेल, ‘कोण कोण होतं गं?’ तू म्हणशील, ‘कुणीच नव्हतं, फक्त फोटोग्राफर.’ यावर ती काय म्हणेल ते मी आत्ताच सांगते: ‘फोटोवाल्याला जागा होती.’ आणि यावर तुझ्याकडे जन्मभर उत्तर नसेल, कारण जागा खरोखरच होती. परमिटवर लिहिलेली होती. व्हिसाही होता.

खर्च वाचवायचा, धावपळ वाचवायची, हे मला पटलेलं नाही. लग्न तळ्यावर झालं की खर्च आपोआपच वाचतो, त्यासाठी कुणाला अंधारात ठेवावं लागत नाही. तुला वाचवायचा आहे तो एक फोन. दहा मिनिटांचा, ज्यात बाबा म्हणतील, ‘हे काय लग्न झालं?’ आणि तू नेहमीसारखी गप्प बसशील. त्या दहा मिनिटांच्या भीतीपायी तू एक अख्खं लग्न लपवायला निघालीस.

कुणी असं समजू नये की मी तुझ्या वडिलांची वकिली करते आहे. नऊशेची यादी त्यांची, कर्ज त्यांचं, आणि लेक आत रडत असताना बाहेर केटररशी हुज्जत घालत बसायची अक्कलही त्यांचीच. ताईने काही कर्ज काढून मांडव घाला म्हटलं नव्हतं. एवढं होऊन पुन्हा यादी तयार आहे म्हणणाऱ्या माणसाला कुणीतरी थांबवायलाच हवं. पण थांबवायचं म्हणजे तोंडावर थांबवायचं. पाठीमागे जाऊन लग्न उरकून आलीस तर त्यांना कुणी थांबवलंच नाही, असं होईल. उलट ते गावभर सांगतील की मी सगळं करणार होतो, पोरीनेच संधी दिली नाही. कर्तव्यदक्ष बाप म्हणून मिरवायची इतकी स्वस्त सोय तू त्यांना का करून देतेस?

आणि ते तुझे ‘तू म्हणशील तसं’. पत्रातला सर्वांत निरुपद्रवी माणूस वाटतो नाही? मला नाही वाटत. त्याच्या आईला लग्न कधी कळावं, हेही त्याने तुझ्यावर सोडून दिलंय. उद्या एडिसनला तोंडं वाकडी झाली की ‘तिची इच्छा होती’ म्हणायला हा मोकळा. एडिसनहून डेन्वरला यायला व्हिसा लागत नाही, नुसतं विमानात बसायचं, तरी त्याला स्वतःच्या आई-वडिलांसाठी एक वाक्य सुचलं नाही. समजूतदारपणा म्हणतात तो हा नव्हे. हे अंग काढून घेणं आहे, आणि लग्नाआधीच लक्षात आलेलं बरं.

आता काय करायचं ते ऐक. येत्या शनिवारी रात्री आठ वाजता नाशिकला फोन लावायचा. तिथे रविवारचे सकाळचे साडेसात वाजलेले असतील, बाबा अंघोळीला गेलेले नसतील आणि काकांकडून कुणी फोनही केलेला नसेल. त्याच वेळी त्याने दुसऱ्या खोलीतून एडिसनला लावायचा. तू त्याच्या घरी बोलायचं नाहीस, त्याने तुझ्या घरी नाही. सांगायचं एवढंच: आमचं लग्न अमुक तारखेला, अमुक तळ्यावर, सकाळी. सात माणसांचं परमिट आहे, त्यात तुम्ही दोघं आहात. तिकिटं मी काढते.

‘चालेल ना?’ म्हणायचं नाही. ‘तुम्हाला काय वाटतं?’ तर मुळीच नाही. तुला परवानगी घ्यायची नाहीये, आमंत्रण द्यायचंय, आणि आपल्या घरांतून मुली हे दोन्ही एकाच सुरात बोलतात म्हणून सगळा घोटाळा होतो.

बाबा म्हणतील, ‘मग आत्यालाही घेऊ.’ परमिटमध्ये सात आहेत, बाबा. ‘निदान मामा-मामी?’ सातच. अगं, मंडपवाल्याशी तासभर वाद घालणारी आपली माणसं सरकारी कागदावरच्या आकड्यापुढे कशी निमूट होतात ते तू पाहिलेलं नाहीस. पार्कवाले आकडा लिहून घेतात हे तुझ्यासाठी चांगलंच आहे. मग ते म्हणतील, ‘ठीक आहे, पण परत आल्यावर नाशिकला रिसेप्शन.’ त्या फोनवर त्याला हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. ‘ते नंतर बघू’ हे वाक्य त्यांनी आयुष्यभर तुला ऐकवलंय, एकदा तू ऐकव.

ते रागावले आणि येणार नाही म्हणाले तर? तर तू तारीख बदलायची नाहीस. लग्न त्याच दिवशी, त्याच तळ्यावर. न आलेल्या माणसाला पुढे कधीही तुला ‘बोलावलं का नाहीस’ असं विचारता येणार नाही. पण मला विचारशील तर ते येतील. पदवीदानाला सातासमुद्रापार आलेले आई-बाप लग्नाला घरी बसत नाहीत.

तुला खरोखरच कुणी नको असतील तर तेही खुशाल कर, लोक करतात आणि सुखाने नांदतात. फक्त मग आज अर्ज उघड आणि सातचे तीन कर. हात धजावत असेल तर माझं सगळं म्हणणं रद्द समज.

धजावत नसेल तर पुढचं वाच, कारण गुडघे दुखणारा माणूस नाशिकहून येणार आहे. डेन्वर शहरच ५,२८० फुटांवर आहे, आपली कळसूबाई ५,४००. म्हणजे तुझ्या घरी चहा पिणं म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्यावर चहा पिणं. पार्कालगतचं एस्टिस पार्क गाव त्याहून वर, साडेसात हजारांवर, आणि स्प्रेग लेक ८,७०० फुटांच्या आसपास. विमानातून उतरवून थेट तळ्यावर नेलंस तर लग्नात डोकं धरून बसतील आणि त्याचा दोष लग्नाला देतील. चार-पाच दिवस आधी बोलव, डेन्वरला राहू दे, मग एक-दोन रात्री एस्टिस पार्कला. पाणी भरपूर पाजत राहा. बाबा पार्कातला ट्रेल रिज रोड बघायचा म्हणतील, कारण व्हॉट्सअॅपवर कुणीतरी पाठवलेला असेल. तो १२,१८३ फुटांपर्यंत चढतो, तेव्हा तो लग्नानंतर. लायसन्सही आधीच काढून ठेव, घरात पाहुणे असताना काउंटीच्या ऑफिसात धावू नकोस.

सप्टेंबरात तिथे सकाळी चांगली हुडहुडी भरते, आईला शालूवर स्वेटर घालावा लागेल आणि ती कुरकुरेल. एल्क नावाच्या मोठ्या हरणांचा माजाचा हंगाम असतो, नर ओरडत फिरतात, दिसायला देखणे असतात. त्यांच्यापासून ७५ फूट लांब राहायचा नियम आहे आणि तो मोडणारा माणूस तुझ्या लग्नात कोण असेल हे तुला माहीत आहे. मोबाइल त्या वेळेपुरता त्यांच्या हातातून काढून घे.

होम करता येणार नाही, उघड्यावर विस्तव नाही. अक्षता टाकता येणार नाहीत; पार्कात तांदूळ, फुलांच्या पाकळ्या, काहीही उधळू देत नाहीत, कारण ते प्राण्यांच्या पोटात जातं. तांदूळ नाशिकहून आणू नको, हेही आईला आधीच सांग, अमेरिकेच्या विमानतळावर भारतातून आलेला तांदूळ काढून घेतात. डेन्वरच्या दुकानातून आण, कुंकू लावून घरीच ठेव आणि घरी परतल्यावर टाका डोक्यावर. मंगलाष्टकं मात्र तळ्यावर म्हणा. दोघी आयांना मिळून निम्मी तरी पाठ असतील, बाकीची कागदावरून वाचा. अंतरपाट धरायला दोन माणसं लागतात, दोन वडील आहेतच. फक्त त्या फोटोग्राफरला अंतरपाट म्हणजे काय ते आधी नीट समजावून ठेव, नाहीतर नवरी दिसत नाही म्हणून तो ऐन मुहूर्ताला कापड बाजूला करायला सांगेल.